रेघेपर्यंत पाणी

मी बाटली बोलतेय. दचकू नका, आणि कोणी ऐकत तर नाही ना म्हणून मागे वळून बघूही नका. तुमच्या मनात जी आली ती लांबच्या नात्यातली असेल, पण तिची आणि माझी ऊठबस नाही. मी औषधाची बाटली आहे, आणि तीही लहान मुलांच्या औषधाची. तपकिरी काच, पांढरं टोपण, पोटावर कागदाचं लेबल आणि लेबलाच्या कडेला एक छोटा बाण. त्या बाणापुढे एक रेघ. या रेघेवर नीट लक्ष ठेवा, कारण माझ्या आयुष्याचं सगळं वाटोळं तिच्यापायी झालं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे डोक्यावर टोप्या आणि तोंडावर फडकी बांधलेल्या माणसांनी माझ्यात गुलाबी भुकटी भरली. पाव बाटली असेल नसेल. बाकी जागा रिकामी ठेवली, कारण आमचं औषध कोरडं असलं तर दोन वर्षं टिकतं आणि पाणी घातलं की जेमतेम आठवडा. म्हणून पाणी शेवटी घालायचं, आजारी मूल समोर आलं की. माझं आयुष्य किती सरळ ठरवलं होतं बघा: एकदा पाणी, एक मूल, सात दिवस, आणि खेळ खलास. यात गोंधळ घालायला जागा कुठे होती? पण माणसाला कमी लेखू नये.

माझ्यासोबत खोक्यात घडी घातलेला एक कागदही होता. पाणी कसं घालावं, किती वेळा घालावं, किती दिवस द्यावं, सगळं त्यावर होतं, पण अक्षर इतकं बारीक की मुंगीनेही चष्मा मागावा. तो कागद पुढे माझी मालकीण झालेल्या हज्जा इनायातच्या स्वयंपाकघरातल्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली गेला. टेबल तेव्हापासून अजिबात हललेलं नाही, तेव्हा कागदाचा उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही.

कारखान्यातून मी अलेक्झांड्रियाला आले, बंदरामागच्या एका अरुंद गल्लीत, इजलालबाईंच्या औषधांच्या दुकानात. गल्लीत त्यांना सगळे डॉक्टरबाई म्हणत. खऱ्या डॉक्टरकडे जायचं तर ट्रामने जा, नंबर लावा, दोन तास बसा, आणि वर तो मुलाचा शर्ट काढून छाती तपासतो, म्हणजे आणखी वेळ घालवतो. त्यापेक्षा डॉक्टरबाई बऱ्या. त्या बघतही नाहीत, लगेच सांगतात.

फळीवर बसून मी हा दवाखाना वर्षभर पाहिला. गिऱ्हाईक यायचं, "खोकल्यावर काहीतरी द्या," म्हणायचं. डॉक्टरबाई विचारायच्या, "ओला की सुका?" गिऱ्हाईक म्हणायचं, "दोन्ही." झालं निदान. एक बाई मुलाचा खोकला स्वतः खोकून दाखवायच्या, आणि इतका हुबेहूब की डॉक्टरबाई त्यांनाच पाणी प्यायला द्यायच्या. एक गृहस्थ फोन लावून डॉक्टरबाईंच्या कानाला धरायचे आणि पलीकडून मुलगा खोकायचा. डॉक्टरची चिठ्ठी कोणी आणलीच, तर तिच्याकडे सगळे अशा नजरेने बघायचे की या माणसाला वेळ जास्त झालाय की पैसा.

डॉक्टरबाई वाईट नव्हत्या, उलट शिकलेल्या आणि समंजस होत्या. पण एकदा "नाही" म्हटलं की गिऱ्हाईक कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानात जातं आणि तिथे तेच औषध घेऊन परत येताना मुद्दाम यांच्या दारावरून जातं, हे त्यांनी फार वेळा पाहिलं होतं. शेवटी त्यांनी "नाही" म्हणणं सोडलं आणि त्या नुसता उसासा टाकायला लागल्या. उसाशाला कोणाची हरकत नव्हती.

आमच्याकडे हिवाळ्यातल्या वादळांना नावं असतात आणि ती पाहुण्यांसारखी दरवर्षी ठरल्या दिवशी येतात. डिसेंबरच्या सुरुवातीला कासिम आला. तीन दिवस झड लागली, गल्लीत घोटाभर पाणी साचलं, आणि आमच्या फळीवरच्या बहिणी भराभर खाली उतरल्या. तिसऱ्या दिवशी माझा नंबर लागला.

समोरच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली खाली आली. आमच्याकडे भाजी, पाव, किल्ल्या, भांडणाचा निरोप, सगळं टोपलीतून चालतं. मग औषधाने काय घोडं मारलंय? टोपलीत पैसे होते आणि वर कठड्यावर हज्जा इनायात छातीपर्यंत ओणवी झाली होती. साठीची, हजला जाऊन आलेली, भरदार, आवाज असा की बंदरातली जहाजं वाट बदलतील.

"डॉक्टरबाई! रुकय्याला ताप आहे, खोकलाही आहे! ते गुलाबी पाठवा, गेल्या वर्षी खालच्या समाहच्या जुळ्यांना दिलेलं!"

डॉक्टरबाई दारात आल्या. पावसाने चष्मा भिजला. "कोणी तपासलंय का तिला?"

"तपासायचं काय त्यात? हात लावला की चटका बसतो!"

"वय किती?"

"दीड वर्ष!"

"आणि वजन?"

आता भर रस्त्यात, दहा खिडक्या उघड्या असताना, दुसऱ्याच्या नातीचं वजन विचारतात का? नजर लागली म्हणजे? हज्जाने घाईघाईने लाकडी चौकटीला हात लावला आणि ओरडली, "वजन कुठलं हो! काडी आहे नुसती काडी! अंगावर मांस म्हणून नाही!" आतल्या खोलीत ही काडी तीन-तीन घड्यांच्या मांड्या आपटत रडत होती, तिचा आवाज खालपर्यंत येत होता.

डॉक्टरबाईंनी उसासा टाकला. या गल्लीतल्या काडीचं वजन किती असतं याचा त्यांना अंदाज होता. त्यांनी खोक्यावर पेनाने लिहिलं, पाच मिली, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. मग वर बघून म्हणाल्या, "मिसळून देऊ का मी?"

"नको, नको! सुकीच द्या! आमच्या घरात उकळलेलं पाणी असतं!" यात एक टोमणाही होता, की तुमच्याकडे असतं का ते देव जाणे.

"बरं! रेघेपर्यंत पाणी घाला हं! रेघेपर्यंत!"

"रेघेपर्यंत! कळलं!" हज्जाने सगळ्या गल्लीला ऐकवून सांगितलं आणि मी टोपलीत बसून झोके घेत वर निघाले. डॉक्टरबाई आणखी काहीतरी सांगणार होत्या, पण दुकानात सहाजण ताटकळले होते आणि त्यातला एक फोन पुढे करत होता.

घरात हज्जा, तिची सून अमानी आणि रुकय्या, एवढीच माणसं. अमानीचा नवरा जहाजावर; तो वर्षातून दोनदा घरी यायचा आणि बाकीचे दिवस हज्जा त्याच्याही वाटणीचा अधिकार चालवायची. अमानी शाळेत शिकलेली, हळू आवाजाची. तिने टेबलाखाली जाण्याआधी तो कागद हातात घेतला होता, पण हज्जा म्हणाली, "अगं, वाचत काय बसलीस? मी चार पोरं वाढवली, एकही कागद वाचला नाही." अमानी गप्प बसली. त्या घरात गप्प बसण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

हज्जाने गार केलेलं उकळलं पाणी माझ्यात रेघेपर्यंत घातलं आणि मला इतकं खळखळून हलवलं की मला माझीच शुद्ध राहिली नाही. पहिल्या दिवसाचं काम अगदी चोख झालं. आणि रुकय्या! स्ट्रॉबेरीचा वास आला की ती चिमणीच्या पिल्लासारखी तोंड उघडायची. अर्धा घोट तिच्या लाळेऱ्यावर सांडायचा आणि तिथे गुलाबी डाग पडायचा. मला ती आवडली. माझ्याकडे बघून आनंदाने ओरडणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं.

दुसऱ्या दिवशी रात्रीच ताप उतरला. तिसऱ्या दिवशी सकाळी रुकय्या पावाचा तुकडा चघळत घरभर रांगली. मी मनात म्हटलं, वा, अजून पाच दिवस असेच जाऊ देत.

आणि तिसऱ्या मजल्यावरून समाहने हाक मारली.

"हज्जा! जुळ्यांची नाकं वाहतायत! तुमचं ते औषध थोडं आहे का?"

आता ऐका, वाचकहो. या गल्लीत शेजाऱ्याने काही मागितलं आणि "नाही" म्हटलं असं घडत नाही. मीठ मागा, शिडी मागा, लग्नातली खुर्ची मागा, मिळणारच. हज्जाच्या दारातून कोणी रिकाम्या हाताने गेलं नव्हतं याचा तिला अभिमान होता, आणि तो ती टेंभ्यासारखा मिरवायची. तिने मला टोपलीत घातलं आणि एक मजला खाली सोडलं.

जुळ्यांना साधी सर्दी होती. तीन दिवसांत आपोआप गेली असती. तरी त्यांनी दोन्ही वेळा घोट घोट घेतला, वर समाहने "चव बघू" म्हणून बोट बुडवलं. संध्याकाळी मी परत वर आले तेव्हा पातळी रेघेच्या बरीच खाली होती.

हज्जाने मला उजेडाकडे धरलं. कपाळाला आठ्या पडल्या. नातीला कमी पडणार! तिने क्षणभर विचार केला, चुलीवर डाळीचं सूप रटरटत होतं तिकडे बघितलं, आणि तिला मार्ग सापडला. पावसाळी दिवस, जेवायला दोन माणसं जास्त आली, की बाई काय करते? सुपात पाण्याचे दोन डाव वाढवते. सूप तेच, पातेलं तेच, सगळ्यांची पोटं भरतात. हज्जाने गार पाणी घेतलं आणि माझ्यात रेघेपर्यंत ओतलं. डॉक्टरबाईंनी सांगितलंच होतं की रेघेपर्यंत. त्या एकदाच घाला म्हणाल्या नव्हत्या, आणि ते सांगणारा कागद टेबलाखाली होता.

मला ओरडता आलं असतं तर मी त्या दिवशी गल्ली डोक्यावर घेतली असती. पण बाटलीला तोंड असतं ते फक्त ओतण्यापुरतं.

मग काय, सोहळाच सुरू झाला. समाहने दुसऱ्या मजल्यावर सांगितलं, दुसऱ्याने पहिल्यावर. कोणाचा घसा, कोणाचा कान, एकाचं नुसतंच पोट दुखत होतं, पण औषध गोड आहे म्हणून त्यालाही पाजलं. मी दिवसभर टोपलीतून वरखाली करत होते. दर संध्याकाळी हज्जा मला रेघेपर्यंत भरत होती. जुळी बरी झाली, घसेवाला बरा झाला, पोटवाला तर पाजायच्या आधीच बरा झाला होता. श्रेय सगळं मला. पाचव्या दिवशी हज्जा समाहला कठड्यावरून सांगत होती, "बघ गं, पाच दिवस झाले, इतकी पोरं प्यायली, पण बाटली तश्शी भरलेली! बरकत आहे बरकत!"

"तुमच्या हाताचीच बरकत, हज्जा!" समाहने खालून तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. हज्जाचे पाय आधीच जमिनीवर नव्हते, चौथ्या मजल्यावर होते.

पण मी ज्या मुलीसाठी आले होते, तिचं काय? जंतू काही शेजारधर्म पाळत नाहीत. पहिल्या दोन दिवसांत अर्धे मेले होते; उरलेल्यांना पाणीदार गुलाबी सरबत मिळायला लागलं तेव्हा त्यांनी हातपाय पसरले. पाचव्या रात्री रुकय्याला परत ताप आला. सहाव्या दिवशी तिने तोंड उघडलं नाही, अमानीने चमच्याने उघडलं.

अमानीच्या तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. घोट सांडला, पण लाळेऱ्यावर डाग पडला नाही. तिने तो ओला भाग खिडकीपाशी नेऊन पाहिला. मग मला हातात घेतलं आणि हलवलं.

"आई, औषधाचा रंग गेलाय."

"रंग खाली बसला असेल. नीट हलव."

"हलवलं. वासही येत नाहीये."

"तुझं नाक चोंदलंय. तूही दोन घोट घे."

"आई, हिला डॉक्टरकडे नेऊ या ना. श्वास बघा कसा चाललाय."

हज्जा पेरूच्या पानांचा काढा गाळत होती. तिने गाळणं खाली ठेवलं आणि कमरेवर हात घेतले. "सगळ्या इमारतीची पोरं या बाटलीने बरी झाली आणि तुझीच तेवढी होत नाही? औषधाला नावं ठेवू नकोस, त्याने बरकत जाते. अजून दोन दिवस. उगाच पोरीला थंडीवाऱ्यात कशाला फिरवायचं?"

अमानी मूग गिळून बसली. मला तिचा राग आला, खरं सांगते. इतका राग हज्जाचा आला नाही. हज्जाला माहीत नव्हतं. अमानीला शंका होती आणि तरी ती पुढे बोलत नव्हती. पण मग रात्रभर ती मुलीला छातीशी धरून खोलीत येरझाऱ्या घालताना पाहिली आणि राग गिळला. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं राहणाऱ्या बाईने ओरडायचं कुठल्या आवाजात?

आठव्या दिवशी दुपारी हज्जा नमाजाला उभी राहिली. अमानीने रुकय्याला शालीत गुंडाळलं, मला पिशवीत टाकलं आणि चपला हातात घेऊन जिना उतरली. गल्लीतलं पाणी ओलांडून ती थेट दुकानात शिरली.

"डॉक्टरबाई, हे औषध लागू पडत नाहीये. याहून जालीम द्या." तिने मला टेबलावर ठेवलं. "हे नको म्हणून दाखवायला आणलंय."

डॉक्टरबाईंनी मला उचललं. "किती दिवस झाले सुरू करून?"

"आठ."

"आठ दिवस." त्यांनी मला दिव्यासमोर धरलं. "मग ही भरलेली कशी?"

अमानीने माझ्या रेघेवर बोट ठेवलं. तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की उत्तर तिला आत्ता, या क्षणी मिळालं होतं. ती हळूच म्हणाली, "रोज रेघेपर्यंत पाणी घालतो ना."

डॉक्टरबाई खुर्चीत बसल्या. मग उठल्या. त्यांनी शाल बाजूला केली, फ्रॉक वर केला आणि गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदा गल्लीतल्या एका मुलाची छाती आपल्या डोळ्यांनी पाहिली. बरगड्यांच्या खाली खळगे पडत होते. त्यांनी घड्याळाकडे बघत श्वास मोजायला सुरुवात केली आणि मिनिट संपायच्या आतच थांबल्या.

"हे मी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "एकदाच म्हणून. मीच सांगायला हवं होतं." मग गिऱ्हाइकांना म्हणाल्या, "दुकान बंद आहे." एकजण म्हणाला, "अहो पण माझा खोकला—" त्यांनी त्याला बाहेर काढून शटर ओढलं आणि अमानीला टॅक्सीत घालून रुग्णालयात घेऊन गेल्या. मी आत अंधारात एकटी. त्या तीन तासांबद्दल मला काही सांगायचं नाही.

डॉक्टरबाई दिवेलागणीला परत आल्या त्या मला घेऊनच वर चौथ्या मजल्यावर गेल्या. हज्जा दारातच होती, कावरीबावरी. नमाज संपवून बघते तर सून नाही, नात नाही; सगळी इमारत धुंडाळून झाली होती.

"कुठे आहेत दोघी?"

"रुग्णालयात. न्यूमोनिया आहे. नाकात नळी घातलीय, शिरेतून औषध चालू आहे. आजची रात्र कठीण आहे म्हणतात."

"पण असं कसं?" हज्जाने डॉक्टरबाईंच्या हातात मला पाहिलं आणि तिचा चेहरा जरा सावरला. "औषध तर चालू होतं! बघा ना, अजून भरलेली आहे. बरकत आहे हिच्यात, डॉक्टरबाई, इतकी पोरं—"

"हज्जा, हिच्यात पाणी आहे."

मग डॉक्टरबाईंनी सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, दोष दिला नाही. उलट स्वतःचा दोष आधी सांगितला. हज्जा ऐकत राहिली. मध्येच म्हणाली, "पण सुपात घालतो तसं—" आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. ती जमिनीवर बसली, भिंतीला टेकून, आणि ओढणीचं टोक तोंडात कोंबून रडली. एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईचं रडणं ऐकायला आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमानीचा फोन आला. रात्र निभावली होती. हज्जाने तोंड धुतलं, चादर पांघरली, मला हातात घेतलं, पहिल्या मजल्यावर उतरली आणि तिथून वर यायला निघाली. जिन्याने, दारोदार. तिच्यासारख्या मानी बाईने आयुष्यात केलेलं हे सर्वांत अवघड काम होतं, आणि मी ते तिच्या मुठीत बसून पाहिलं.

"मी तुमच्या पोरांना पाणी पाजलं," ती प्रत्येक दारात म्हणाली. "माफ करा. पोरांना डॉक्टरला दाखवा."

आणि लोकांनी काय करावं? ते तिची समजूत घालायला लागले! "काहीतरीच काय हज्जा, आमचा तर बरा झाला!" पहिल्या मजल्यावर म्हणाले. दुसऱ्यावर म्हणाले, "तुमच्या नातीला कोणाची तरी नजर लागली असणार, त्यात औषधाचा काय दोष?" उंटावरून शेळ्या हाकणारे सगळीकडे सारखेच. खरं बोललेलं एक वाक्य विकत घ्यायला इमारतीत कोणी तयार नव्हतं, फुकट दिलं तरी.

तिसऱ्या मजल्यावर समाहने तर कळसच केला. सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले, हज्जाला मिठी मारली, आणि मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बरं, ही तुम्ही फेकणारच असाल तर आम्हाला द्या ना. धाकट्याला परत शिंका येतायत."

हज्जा तिच्याकडे बघतच राहिली. मग सरळ आत शिरली, तिच्याच मोरीपाशी गेली, टोपण काढलं आणि मला उलटं केलं.

"अहो हज्जा! पाप लागेल! औषध आहे ते!"

"औषध असतं तर माझी नात घरी असती," हज्जा म्हणाली. मी गळत राहिले. मोरीत साधा गुलाबी ओघळसुद्धा उठला नाही.

रुकय्या दोन आठवड्यांनी घरी आली. अंगाने अर्धी झाली होती, पण डोळे तेच. डॉक्टरांनी अजून सात दिवसांचं औषध लिहून दिलं होतं, रीतसर चिठ्ठीवर. डॉक्टरबाईंनी ते दुकानातच मिसळून दिलं. आता त्या प्रत्येक बाटली स्वतः मिसळून देतात, पाणी एकदाच असं बोट नाचवून सांगतात आणि मूल बघितल्याशिवाय फळीला हात लावत नाहीत. याचा परिणाम लगेच दिसला: कोपऱ्यावरच्या दुकानात गर्दी दुप्पट झाली.

नवी बाटली फ्रीजच्या दारात उभी राहिली. मला हज्जाने धुऊन ओट्यावर उलटं घातलं. काच फेकायची तिला सवय नाही. तिथून मला सगळं दिसायचं. हज्जा त्या बाटलीला हात लावत नसे. वेळ झाली की ती रुकय्याला मांडीवर धरायची आणि सुनेला विचारायची, "किती?" अमानी सांगायची, "पाच." त्या घरात हज्जाने सुनेला काही विचारणं हे मी तरी पहिल्यांदा ऐकत होते. अमानीचा आवाजही त्या आठवड्यात जरा वाढला. दारापर्यंत ऐकू येण्याइतका.

चौथ्या दिवशी खालून हाक आली. "हज्जा! नवीन औषध आणलंय म्हणे! थोडंसं—"

हज्जा कठड्यापाशी गेली. दोरी आणि टोपली तिथेच होती. तिने दोरी हातात घेतली. मला वाटलं, झालं, आता ही नवी बाटली जाते खाली.

"आहे माझ्याकडे," हज्जा म्हणाली. "आणि मी देणार नाही. रुकय्याचं आहे."

सगळ्या खिडक्यांनी ऐकलं. समाहने दार आपटलं. गल्लीत त्या दिवसापासून हज्जा कंजूष झाली, सुनेच्या कह्यात गेली, असं बोललं जातं. बाजारात दोन बायकांनी तोंड फिरवलं. हज्जा घरी येऊन रडली आणि तरी दुसऱ्या दिवशीही तिने टोपली खाली सोडली नाही.

वाचकहो, तुमच्या फ्रीजच्या दारात माझी एखादी बहीण अर्धी भरलेली उभी असेल. पुढच्या आजारासाठी, शेजारच्या बाळासाठी, असू दे म्हणून. तिच्यावर एवढी माया करू नका. ज्याची आहे त्याला पुरी पाजा, नाहीतर फेकून द्या. पण मी सांगितलेलं तुम्ही ऐकाल असं वाटत नाही; तुम्ही तरी खोक्यातला तो कागद आजवर कधी वाचलाय?

सातव्या दिवशी संध्याकाळी अमानीने शेवटचा घोट काढला. थेंब पडेनात म्हणून बाटलीच्या बुडावर चापट्या मारल्या. रुकय्याने तोंड उघडलं, गिळलं, आणि आणखी मागितलं. लाळेऱ्यावर एक लहानसा गुलाबी डाग पडला. हज्जाने रिकामी बाटली अमानीच्या हातातून घेतली, दिव्यापुढे धरली, एक डोळा मिटून तळापर्यंत बघितलं. मग ती माझ्या शेजारी उलटी ठेवून नातीच्या मानेत तोंड खुपसलं.

"संपली गं बाई," ती म्हणाली. "संपली!" एखादी वस्तू संपल्याचा एवढा आनंद त्या घराने कधी पाहिला नव्हता.